आकडा खोटा ठरवण्याआधी

अकोला जिल्ह्यातल्या पारसला आज प्रत्येकी २५० मेगावॉटचे दोन औष्णिक संच आहेत आणि अमरावतीला लागून असलेल्या नांदगाव पेठेत प्रत्येकी २७० मेगावॉटचे पाच. वीज देत असताना यातल्या प्रत्येक टर्बाइनचा दांडा मिनिटाला ३००० फेरे घेतो. हा आकडा कुणाच्या मर्जीवर ठरलेला नाही. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, आणि दोन ध्रुवांच्या जनित्रातून ती मिळवायची तर सेकंदाला ५० फेरे घ्यावेच लागतात. या वेगाला टर्बाइनच्या शेवटच्या पात्यांची टोकं हवेतल्या ध्वनीपेक्षाही जोरात धावत असतात. पात्याला दांड्यापासून उपटू पाहणारी ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्क्यांनी वाढला तर ओढ २१ टक्क्यांनी वाढते, वेग २० टक्क्यांनी वाढला तर ४४ टक्क्यांनी. म्हणून ३३०० फेऱ्यांच्या आसपास पोचताच वाफ तोडून संच थांबवण्याची व्यवस्था असते. ही धास्ती कागदावरची नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या डुव्हा वीजकेंद्रात फेब्रुवारी २०११ मध्ये अतिवेगाची चाचणी चालू असतानाच ६०० मेगावॉटचा एक संच उद्ध्वस्त झाला. एवढ्या मोठ्या यंत्राचं रक्षण ज्या आकड्यावर अवलंबून असतं, तो आकडा बोटाएवढ्या एका सेन्सरकडून येतो.

वऱ्हाडात फिरणारी यंत्रं काही वीजकेंद्रापुरती नाहीत. अकोल्याच्या डाळमिल आणि तेलगिरण्या, दोन्ही जिल्ह्यांतल्या जिनिंग-प्रेसिंग, नांदगाव पेठेच्या वसाहतीतले कापडाचे कारखाने, सूतगिरण्यांमधल्या मिनिटाला पंधरा-वीस हजार फेरे घेणाऱ्या चात्या, या सगळ्यांत कुठे ना कुठे वेग मोजला जातो. आणि जिथे वेग मोजला जातो तिथे कधीतरी पॅनेलवरचा आकडा नाचायला लागतो, शून्यावर पडतो किंवा यंत्र विनाकारण ट्रिप होतं. अशा वेळी ‘सेन्सर गेला’ हा निकाल लगेच लागतो. कुणी नवा सेन्सर आणायला जातो, तोवर दुसरा कुणी टर्मिनलवर तारेचा तुकडा टाकून, म्हणजे जम्पर मारून, यंत्र चालू करतो. ही सवय मोडली पाहिजे असं माझं मत आहे, आणि त्यामागे केवळ शिस्तीचा आग्रह नाही. वेगाचा आकडा दुसऱ्या स्वतंत्र पुराव्यानं खोटा ठरत नाही तोवर तो खरा धरला पाहिजे. खोटा ठरलाच, तर तो कशा प्रकारे खोटा आहे हे आधी वाचलं पाहिजे, कारण दोष कुठे आहे हे बहुतेक वेळा त्या खोटेपणाच्या घाटातच लिहिलेलं असतं.

त्यासाठी मोजणी कशी होते ते पाहू. दांड्यावर लोखंडी दातेरी चाक बसवलेलं असतं आणि त्याच्या दातांसमोर, साधारण एखाद्या मिलिमीटरच्या अंतरावर, सेन्सर. साध्या चुंबकी पिकअपमध्ये आत एक चुंबक आणि त्याभोवती तारेचं वेटोळं एवढंच असतं. दात समोरून गेला की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेटोळ्यात विजेचा एक ठोका उमटतो. त्याला बाहेरून वीज द्यावी लागत नाही. यंत्राचा वेग वाढला की ठोके नुसते जास्त होत नाहीत, ते जोरकसही होतात. दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे हॉल किंवा एडी करंटच्या सेन्सरना बाहेरून वीज लागते, पण ते अगदी संथ फिरणारा दांडाही नीट ओळखतात. हे ठोके केबलमधून पॅनेलमधल्या कार्डाकडे जातात, कार्ड ते मोजतं आणि फेऱ्यांचा आकडा दाखवतं. चाकाला ६० दात ठेवण्याची पद्धत आहे ती हिशेबाच्या सोयीसाठी: सेकंदाला जितके ठोके, तितकेच मिनिटाला फेरे. म्हणजे पडद्यावरचा आकडा एकट्या सेन्सरचा नसतो. चाक, दात, मधलं अंतर, सेन्सर धरणारी ब्रॅकेट, केबल, तिचं शिल्ड, अर्थिंग, कार्ड आणि कार्डात भरलेली दातांची संख्या, इतक्यांनी मिळून दिलेली ती साक्ष असते. यातलं काहीही बिघडलं तरी दोष मात्र सेन्सरच्या नावावर मांडला जातो.

आकडा तपासायचा तर पहिला पुरावा निसर्गनियमांचा घ्यावा, त्यासाठी स्क्रू ड्रायव्हरही उचलावा लागत नाही. विजेच्या जाळ्याला, म्हणजे ग्रिडला, जोडलेला संच जाळ्याच्या वारंवारतेला बांधलेला असतो. देशाच्या ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ठेवायची असा दंडक आहे. त्याचे फेरे काढले तर २९९४ ते ३००३ येतात. आता समजा, वीज देत असलेल्या संचाच्या पडद्यावर २९५० दिसतं आहे आणि ते हलत नाही. हे खरं असेल तर वारंवारता ४९.१७ झालेली असणार. वारंवारता ४९.२ पर्यंत घसरली तरी भार आपोआप तोडणारे रिले कामाला लागतात आणि गावंच्या गावं अंधारात जातात. बाहेर तसं काही घडत नसेल आणि शेजारचा फ्रिक्वेन्सी मीटर ५० दाखवत असेल, तर २९५० हा आकडा खोटा आहे हे जागेवर बसूनच सिद्ध झालं. डाळमिलच्या मोटरलाही हाच न्याय लागू आहे. चार ध्रुवांची साधी इंडक्शन मोटर थेट लाइनवर चालते तेव्हा भाराखाली १४४० ते १४८० च्या दरम्यान फिरते. १५०० ची रेषा ती स्वतःहून ओलांडू शकत नाही. त्यामुळे तिच्या पॅनेलवर १५६० दिसत असेल, तर मोजणीकडे संशयानं पाहायला हरकत नाही. मोटर व्हीएफडीवर, म्हणजे वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर, चालत असेल तर मात्र हा आधार राहत नाही, कारण व्हीएफडी वारंवारताच बदलू शकतो. मग चकाकत्या पट्टीवर प्रकाश टाकून फेरे मोजणारा हातातला टॅकोमीटर हा दुसरा साक्षीदार. तो फार महाग नाही आणि प्रत्येक गिरणीत असायला हवा. जुन्या फिटरचा कानही पुरावाच आहे. पट्टा घसरल्याचा किंवा यंत्र दमल्याचा आवाज त्याला आकड्याआधी कळतो. त्याचं ऐकून घ्यावं, पण लिहून ठेवावा तो टॅकोमीटरचा आकडा.

आकडा खोटा ठरला, आता त्याचा घाट वाचायचा. वरचं २९५० पुन्हा घ्या. ३००० ला ६० नं भागून ५९ नं गुणलं की बरोबर २९५० येतात. याचा अर्थ दर फेऱ्याला एक ठोका हरवतो आहे, आणि नेमका एकच हरवत असेल तर संशय सेन्सरवर जात नाही, चाकावर जातो: एखादा दात तुटला, झिजला किंवा त्याच्या शेजारची खाच लोखंडाच्या किसानं बुजली. एकेका ठोक्याचं अंतर मोजणारं जलद कार्ड असेल तर हाच दोष वेगळा दिसतो, दर फेऱ्याला क्षणभर आकडा निम्म्यावर, १५०० वर आपटतो. सेन्सर दहा वेळा बदलला तरी हा दोष जाणार नाही. आकडा सतत एकाच प्रमाणात कमी-जास्त असेल, समजा यंत्र १४८० नं फिरतं आणि पडदा ११८४ दाखवतो, तर ते प्रमाण काढून पाहावं. इथे ते ०.८ आहे, म्हणजे ६० ला ४८. चाक ४८ दातांचं बसवलं आणि कार्डात ६० तसेच राहिले. यात काहीच बिघडलेलं नाही, फक्त दुरुस्तीनंतर एक आकडा भरायचा राहून गेला. आकडा एकदम दुप्पट झाला तर कार्ड एका दाताचे दोन ठोके मोजतं आहे. ठोक्यावर बाहेरचा गोंगाट चढला आहे किंवा कार्डाची संवेदनक्षमता नको इतकी वाढवून ठेवली आहे.

सर्वांत फसवा घाट थांबलेल्या यंत्राचा. दांडा उभा आहे आणि ६० दातांच्या चाकाचं कार्ड ५० फेरे दाखवतं आहे, तेही तासन्‌तास न हलता. हा ५० म्हणजे मेन्सच्या विजेचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट आहे. सेन्सरची केबल पॉवर केबलच्या ट्रेमधून नेली असेल, किंवा तिचं शिल्ड दोन्ही टोकांना अर्थ केल्यामुळे त्यातून भटकी वीज वाहत असेल, तर हा गुणगुणाट ठोके म्हणून मोजला जातो. चाकाऐवजी दांड्यावर एकच खूण असेल, म्हणजे फेऱ्याला एकच ठोका, तर थांबलेल्या यंत्रावर हाच गुणगुणाट थेट ३००० दाखवतो. तो आकडा नेमका पूर्ण वेगाचा असल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. यातला धोका नीट समजून घ्यायला हवा. मोठं टर्बाइन बंद केल्यावर त्याचा तापलेला दांडा बारिंग गिअरनं हळूहळू फिरवत ठेवावा लागतो, नाहीतर वरची बाजू उष्ण आणि खालची थंड राहून तो वाकतो. दांडा प्रत्यक्षात थांबला आणि पडदा सांगतो की फिरतो आहे, तर संच पुन्हा चालू करताना भयंकर कंपनांना तोंड द्यावं लागेल. म्हणजे ‘काही तरी उगाच ५० दाखवतंय’ म्हणून सोडून देण्यासारखी ही चूक नव्हे.

वेग कमी असतानाच आकडा गायब होतो आणि यंत्र वेगात आलं की नीट दिसतो, असं असेल तर चुंबकी पिकअपचा ठोका कमजोर पडतो आहे. मधलं अंतर वाढलं आहे का ते फिलर गेजनं पाहावं, वेटोळ्याचा रोध मल्टिमीटरवर मोजून शेजारच्या चांगल्या सेन्सरशी ताडावा. उलट, वेग वाढल्यावरच आकडा तुटत असेल तर ब्रॅकेट थरथरते आहे किंवा नट ढिला आहे. दुपारी बिघडतं आणि रात्री सुधारतं, ही तक्रार वऱ्हाडात वेगळ्या गांभीर्यानं घ्यायला हवी. मे महिन्यात अकोल्याचं तापमान ४५ अंशांच्या पुढे जातं आणि टर्बाइनच्या किंवा बॉयलरच्या अंगाशी ते त्याहून कितीतरी जास्त असतं. तापलेल्या सेन्सरमधला सांधा सुटतो, केबलचं आवरण कडक होऊन तडकतं, टर्मिनलचा स्क्रू सैल पडतो. पहिल्या पावसानंतर सुरू झालेली तक्रार असेल तर आधी जंक्शन बॉक्स उघडावा, आतली ओल बहुधा डोळ्यांनीच दिसते. पिकअप स्वतः चुंबक असल्यामुळे लोखंडाचा बारीक कीस त्याच्या टोकाला चिकटतो आणि दाताची खूण बुजवतो. फडक्यानं टोक पुसणं ही तर सगळ्यांत स्वस्त दुरुस्ती.

आणि हे सगळं करण्याआधी एक प्रश्न विचारावा: शेवटचा हात कुठे लागला होता? डाळमिलमधल्या बकेट एलिव्हेटरचं उदाहरण फार बोलकं आहे. त्याच्या खालच्या पुलीवर वेग पाहणारा सेन्सर असतो. वरची पुली मोटर फिरवते, पट्टा घसरला तर वरची पुली नीट फिरत राहते आणि खालची मंदावते, म्हणून पहारा खाली. आता पट्टा वापरानं लांबला की स्क्रू आवळून तो ताणतात, आणि ताणताना खालची पुली सरकते. सेन्सर मात्र स्थिर ब्रॅकेटवर जिथल्या तिथे राहतो. मधलं अंतर वाढतं, ठोके चुकतात, एलिव्हेटर ट्रिप व्हायला लागतो. पट्टा ताणला त्या दिवसापासून सेन्सर ‘खराब’ झाला, या दोन गोष्टींचा संबंध लॉगबुक नसेल तर कुणाच्याच लक्षात येत नाही.

यावर पहिला आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो कामाच्या माणसांचा असल्यामुळे आदरानं घेतला पाहिजे. सेन्सर स्वस्त असतो, थांबलेली गिरणी महाग पडते. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या दारात उभ्या असताना आकड्याचे घाट वाचत कोण बसणार? सेन्सर बदला आणि मोकळे व्हा. हिशेब बरोबर वाटतो, पण त्यात एक खोट आहे. सेन्सर बदलताना नुसता सेन्सर बदलत नाही. अंतर नव्यानं लावलं जातं, कनेक्टर काढून पुन्हा बसतो, टोक पुसलं जातं, टर्मिनल आवळलं जातं. यातल्या एखाद्या गोष्टीनं दोष तात्पुरता जातो आणि श्रेय नव्या सेन्सरला मिळतं. मूळ कारण तसंच राहतं, पुरावा मात्र पुसला जातो. चार दिवसांनी तोच दोष परततो, दुसरा सेन्सर येतो, आणि हंगामाच्या शेवटी कपाटात चांगल्या अवस्थेतले चार ‘खराब’ सेन्सर साचतात. बदलू नका असं मी म्हणत नाही. यंत्र थांबलेलंच असेल तर बदला, पण आधी जुनं अंतर मोजून लिहा, रोध मोजून लिहा, आकडा कसा चुकत होता ते लिहा. दोन सेन्सर शेजारी असतील तर बंद यंत्रावर, परवानगी घेऊन, कार्डाकडची त्यांची जोडणी अदलाबदल करून पाहा. पुन्हा चालवल्यावर दोष सेन्सरबरोबर दुसऱ्या चॅनेलवर गेला तर दोष बाहेर आहे, जागेवरच राहिला तर कार्डात. दहा मिनिटांच्या या कामानं अर्ध्या शक्यता निकालात निघतात.

दुसरा आक्षेप मोठ्या केंद्रांमधून येतो. मोठ्या टर्बाइनवर अतिवेगापासून संरक्षणासाठी तीन सेन्सर ठेवून त्यातल्या दोघांचं एकमत मानण्याची पद्धत रूढ आहे, एपीआय ६७० या मानकातही तीच दिशा आहे. एक चुकला तर दोन सांभाळतील, मग एवढी काळजी कशाला? ही पद्धत उत्तमच आहे. एका सेन्सरच्या खोडीनं संच विनाकारण पडत नाही आणि एकाच्या मौनानं संरक्षणही जात नाही. पण तिचा सगळा जोर तिघं एकमेकांपासून स्वतंत्र असण्यावर आहे. तिन्ही सेन्सर एकाच ब्रॅकेटवर असतील, तिघांच्या केबली एकाच तापलेल्या नळातून जात असतील, तिघं एकाच तुटलेल्या दाताकडे पाहत असतील, तर तीन साक्षी प्रत्यक्षात एकच. शिवाय एका चॅनेलचा दोष ‘बाकी दोन आहेत ना’ म्हणून पुढच्या शटडाउनपर्यंत ढकलला, की त्या काळात संरक्षणाची मूळ रचनाच उरत नाही. तीनातला एक गेल्याची सूचना म्हणजे सुरक्षित असल्याची पावती नव्हे.

जम्परच्या बाबतीत मात्र मला मधला मार्ग दिसत नाही. वेगाचं नियंत्रण करणाऱ्या गव्हर्नरला सेन्सरकडून अचानक शून्य मिळालं, तर त्याच्या दृष्टीनं यंत्र मंद झालेलं असतं आणि तो वाफ वाढवतो. एन्कोडर, म्हणजे वेगाची खूण पाठवणारा सेन्सर, लावलेल्या ड्राइव्हचंही तसंच, खूण मिळेनाशी झाली की तो मोटरला आणखी पळवू पाहतो. म्हणून चांगल्या रचनेत सिग्नल हरवणं हेच ट्रिपचं कारण मानलेलं असतं. यंत्र सुरू होताना वेग शून्य असतोच, तेवढ्यापुरती काही क्षणांची सूट दिलेली असते. जम्पर मारणारा माणूस ही सूट कायमची करून टाकतो. डाळमिलमध्ये परिणाम वेगळा, पण कमी गंभीर नाही. घसरलेला पट्टा पुलीवर घासून तापतो, भोवती डाळीचं पीठ आणि टरफलांचा भुसा हवेत तरंगत असतो. अमेरिकेत धान्य हाताळणाऱ्या ठिकाणांसाठी असलेल्या नियमात पट्ट्याचा वेग २० टक्क्यांहून जास्त घसरण्याआधी एलिव्हेटर आपोआप थांबला पाहिजे असं बंधन घातलं गेलं, ते धुळीच्या स्फोटांत माणसं गेल्यावर. जिनिंगमध्ये भुशाच्या जागी रुई असते आणि तिला पेटायला निमित्त फार थोडं लागतं. वारंवार ट्रिप होणारा एलिव्हेटर कंटाळवाणा खरा, पण तो ट्रिप होतो तेव्हा दहातल्या एखाद्या वेळी पट्टा खरोखर घसरलेला असू शकतो, आणि ती वेळ कोणती हे जम्पर मारल्यावर कळण्याचा मार्ग उरत नाही. खोट्या ट्रिपचा कंटाळा आला असेल तर ट्रिपचं कारण काढावं, ट्रिपच काढून टाकू नये.

हे काम कुणी करायचं हा प्रश्न उरतो, कारण मोठ्या केंद्रात त्यासाठी वेगळा विभाग असतो आणि गिरणीत एकच वायरमन सगळं बघतो. म्हणून मागणी लहान ठेवतो. अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून उभं आहे, दोन्ही जिल्ह्यांत आयटीआय आहेत, अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं छोट्या उद्योजकांसाठी मिनी डाळमिल घडवून दिली. सेन्सरचं अंतर लावणं, शिल्ड एकाच टोकाला अर्थ करणं आणि चुकलेल्या आकड्यावरून दोष शोधणं, हे शिकवायला या संस्थांना एक मोटर, एक दातेरी चाक आणि एक कार्ड पुरेल. गिरणीमालकांनी आपल्या बाजूनं तीन गोष्टी कराव्यात: हातातला एक टॅकोमीटर घ्यावा, प्रत्येक सेन्सरचं मूळ अंतर आणि रोध वहीत लिहून ठेवावा, आणि मालकाच्या सहीशिवाय कुठल्याही संरक्षणावर जम्पर पडणार नाही असा नियम पॅनेलच्या दारावर लावावा. येत्या हंगामाची पहिली गाडी दारात येण्याआधी ही वही सुरू करा.